जुन्या मोटारीच्या चाकांचे बेअरिंग : तपासणी आणि बदल

बुऱ्हाणपूरहून उत्तरेला निघालेला रस्ता असीरगडाजवळ सातपुड्यावर चढतो. चढणीवर इंजिनाचा कस लागतो हे चालक जाणतो, म्हणून निघण्यापूर्वी तो पाणी व ऑइल पाहून घेतो. परतीच्या वाटेवर तोच घाट उतरताना मात्र खरा भार ब्रेकवर आणि चाकांवर पडतो. ब्रेकचा ड्रम तापतो, ती उष्णता चाकाच्या मध्यभागी असलेल्या हबमध्ये उतरते आणि आतले, वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेले ग्रीस पातळ होऊ लागते. ते हलक्या प्रतीचे असेल व हबचे सील झिजलेले असेल, तर ते पाझरून ब्रेकच्या लाइनिंगवर येते. लाइनिंगला ग्रीस लागले की ब्रेक धरत नाहीत. घाटात ब्रेक न धरण्याचा अर्थ निमाडात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी दोष ब्रेकच्या माथी मारला जातो. ज्या हबपासून हा प्रकार सुरू झाला, त्याची टोपी उघडून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

निमाड आणि खानदेश यांच्या सीमेवरील या भागात जुन्या मोटारी अद्याप दिसतात. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. उत्तरपाड्याची अँबॅसॅडर आणि मारुती ८०० या दोन्ही मोटारींचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. जीप आणि तिच्या कुळातील गाड्या तर खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबल्या. अशा मोटारीवर तिच्या मालकाची माया असते. तो तिला रंग देतो, गाद्या नव्या करतो, प्रसंगी इंजिनही उतरवून बांधून घेतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते व त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी वाहनाची तपासणी होते. परंतु दोन तपासण्यांमधील पाच वर्षांच्या काळात हबमधील बेअरिंगची काळजी घेणे हे पूर्णतः मालकाच्याच हाती असते.

बैलगाडीच्या वंगणापासून रोलरपर्यंत

बेअरिंग म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी शेतकऱ्याला दूर जावयास नको. जुन्या लाकडी बैलगाडीत कणा स्थिर असे व चाकाचा तुंबा त्याच्याभोवती फिरे. लाकूड व लोखंड एकमेकांवर घासत आणि त्यांच्यामध्ये असे ते केवळ वंगण. वंगण संपले की गाडी कुरकुरू लागे व ती कुरकुर शिवारभर ऐकू जाई. राजाच्या गाडीचीही स्थिती निराळी नव्हती. इंग्रज वकील सर टॉमस रो हा १६१५ साली अजमेरला जाताना बुऱ्हाणपुरात थांबला होता. त्याने पुढे जहांगीर बादशहाला विलायती घोडागाडी नजर केली आणि बादशहाने आपल्या कारागिरांकडून तिची नक्कल करविली, ही हकीकत इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या काळच्या शाही चाकालाही वंगणावाचून दुसरा आधार नव्हता.

घासण्याऐवजी गडगडण्याची युक्ती चाकांत येण्यास पुढे बराच काळ जावा लागला. वेल्समधील फिलिप वॉन याने १७९४ साली गाडीच्या कण्याभोवती गोळ्या बसविण्याचे एकस्व घेतले. १८६९ साली फ्रान्समध्ये ज्यूल सुरीरे याने सायकलीच्या चाकांत गोळ्यांचे बेअरिंग वापरले. मोटारीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध हेन्री टिमकेन याचा. अमेरिकेत घोडागाड्या बनविण्याचा त्याचा व्यवसाय होता. वजनदार गाडी वळण घेते तेव्हा चाकावर वरून येणाऱ्या भाराबरोबर बाजूचाही रेटा येतो आणि साधे बेअरिंग त्याला पुरे पडत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. एका टोकाला निमुळते असलेले रोलर तिरपे बसविले, तर दोन्ही भार पेलता येतात. या रचनेचे एकस्व त्याला १८९८ साली मिळाले. जीपच्या पुढच्या हबमध्ये आजही हीच रचना आढळते.

मराठी परिभाषेत बेअरिंगला ‘धारवा’ असा सुंदर शब्द आहे. भार धारण करतो तो धारवा. गॅरेजमध्ये मात्र हा शब्द उच्चारल्यास मिस्त्री चमकून पाहील. तेव्हा प्रस्तुत लेखात बेअरिंग हाच रूढ शब्द ठेवला आहे.

शाळेत हा विषय शिकविताना शिक्षकांना एक सोपा प्रयोग करता येईल. टेबलावर चार-पाच जड पुस्तकांची चळत ठेवून ती एका बोटाने ढकलण्यास मुलांना सांगावे. नंतर चळतीखाली सहा गोल पेन्सिली समांतर ठेवून पुन्हा ढकलावयास लावावे. दोन अनुभवांतील फरक म्हणजेच बेअरिंगचे कार्य. पेन्सिलींवर थोडी वाळू टाकून तिसऱ्यांदा ढकलले, तर बेअरिंग खराब का होते तेही सांगण्याची आवश्यकता उरत नाही. सायकलीचा पुढचा हब उघडून दाखविणे याहूनही चांगले. त्यातील गोळ्या, कोन आणि कप पाहिलेल्या मुलाला मोटारीचा हब परका वाटत नाही.

जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकात सामान्यतः दोन बेअरिंग असतात. आतल्या बाजूचे बहुधा मोठे व बाहेरचे लहान. काही गाड्यांत दोन्ही एकाच मापाची असतात. प्रत्येकाचा बाहेरचा कडा, म्हणजे कप, हबमध्ये घट्ट ठोकलेला असतो. आतला कोन स्टब अ‍ॅक्सलवर बसतो. या दोहोंच्या मध्ये रोलर असून ते एका जाळीने आपापल्या जागी धरलेले असतात. आतल्या बाजूस ग्रीस अडविणारे सील, बाहेर एक मोठा नट, तो सैल होऊ नये म्हणून कॉटर पिन किंवा कुलूप-वॉशर आणि त्यावर धुळीची टोपी. एवढ्याच साहित्यावर चाक मोटारीला धरून असते.

बिघाडाची पूर्वसूचना

चांगल्या बेअरिंगचा एक गुण असा की, ते सहसा न सांगता दगा देत नाही. प्रथम एक मंद घूं-घूं असा आवाज येऊ लागतो. वेग वाढला की तो वाढतो, वेग कमी झाला की उतरतो. इंजिनाच्या आवाजापासून तो वेगळा ओळखण्यासाठी सपाट व निर्जन रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून पाहावा. इंजिनाचा आवाज खाली आला आणि घूं-घूं तशीच राहिली, तर दोष चाकांकडे आहे. टायरमुळेही असाच आवाज होतो. परंतु डांबरी रस्त्यावरून खडीच्या रस्त्यावर जाताच टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही.

कोणते चाक बोलत आहे, हे वळणावर कळते. मोटार उजवीकडे वळताना तिचा भार डाव्या चाकांवर झुकतो. त्या वेळी आवाज वाढला, तर संशय डाव्या बाजूवर घ्यावा. डावीकडे वळताना वाढला, तर उजव्या बाजूवर. हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो. तरीही केवळ त्याच्या भरवशावर नवे बेअरिंग विकत आणू नये.

आवाजाखेरीज आणखीही खुणा आहेत. स्टेअरिंगमध्ये थरथर येते. पुढे डिस्क ब्रेक असलेल्या मोटारीत चाकाच्या डुलण्याने ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात व पेडल एकदम खोल जाते. दुसऱ्यांदा दाबल्यावर ठीक लागते. टायर एका कडेने झिजतो. चाकाच्या आतल्या बाजूस ग्रीसचे ओघळ दिसतात. सर्वांत सोपी परीक्षा हाताची. दहा-पंधरा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरून मोटार चालवावी, थांबवावी आणि दोन्ही बाजूंच्या हबजवळ हात नेऊन पाहावे. एक बाजू कोमट व दुसरी चटका देणारी असेल, तर तो हब त्याच दिवशी उघडावा. हात टेकण्यापूर्वी दुरूनच उष्णता अजमावावी, हे सांगणे न लगे.

चाक उचलून पाहणे

जमीन सपाट व टणक असावी. उलट बाजूच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावून मग जॅक चढवावा. उचललेली मोटार केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळणे होय. घोडी लावावी, ती नसेल, तर जाड सागवानी ठोकळे रचावेत. विटा कदापि वापरू नयेत. वीट दिसते भक्कम, पण भार आला की ती पूर्वसूचनेवाचून फुटते.

चाक वर आले की एक हात टायरच्या माथ्यावर व दुसरा तळाशी ठेवून ते आलटून-पालटून ओढावे व ढकलावे. किंचित, जाणवेल न जाणवेल अशी हालचाल निमुळत्या रोलरच्या बेअरिंगमध्ये असावयासच हवी. खट्‌ खट्‌ असा स्पष्ट ठोका लागला, तर मात्र तो दोष आहे. येथे एक चूक वारंवार होते. ठोका बेअरिंगचा की किंगपिनचा, हे न पाहताच नट आवळला जातो. त्यासाठी दुसऱ्या व्यक्तीस ब्रेकचे पेडल दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच ठोका नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा. तो तसाच राहिला, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजलेला आहे, आणि बेअरिंगचा नट कितीही आवळला तरी तो जाणार नाही. उलट चांगल्या बेअरिंगचा मात्र नाश होईल.

यानंतर चाक हाताने फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. निरोगी बेअरिंग निमूट फिरते. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी तळहाताला जाणवते.

हब उघडताना

चाकाचे नट मोटार जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. नट हटेना म्हणून पान्याला लांब नळी लावून जोर करण्यापूर्वी ते पाहावे. चाक काढल्यावर धुळीची टोपी सभोवार हलके ठोके देत उतरवावी, कॉटर पिन सरळ करून काढावी, नट व वॉशर काढून हब बाहेर ओढावा. हब ओढताना बाहेरचे बेअरिंग अंगठ्याने धरून ठेवावे, नाहीतर ते मातीत पडते. डाव्या व उजव्या बाजूचे भाग निरनिराळ्या डब्यांत ठेवावेत. एकमेकांवर झिजलेल्या जोड्यांची अदलाबदल झाल्यास चांगली बेअरिंगही आवाज करू लागतात.

ब्रेकची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये. जुन्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुफ्फुसांस घातक असते. ओल्या फडक्याने ती पुसून काढावी. बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये ब्रशाने धुवावे. पेट्रोल वापरू नये. धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरविण्याची काही तरुण कारागिरांना मोठी हौस असते. ती जाळी त्या वेगासाठी नसते. तेलावाचून फिरणारा रोलर सुटला, तर डोळा जाऊ शकतो.

आता दिवसाच्या उजेडात प्रत्येक भाग निरखून पाहावा. कपच्या आतल्या वाटेवरून नख फिरवावे. नख कोठे अडखळले, पोपडा निघालेला दिसला, रोलरच्या अंतराने पडलेले वळ किंवा गंजाचे पट्टे आढळले, तर ते बेअरिंग संपले असे समजावे. निळसर किंवा तपकिरी रंग चढला असेल, तर ते अतिशय तापून गेले आहे व त्याच्या पोलादाचा कठीणपणा गेला आहे. केवळ राखाडी झाक हा दोष नव्हे. शंका राहिली, तर बदलावे. बेअरिंग ही मोटारीतील महागड्या वस्तूंपैकी नाही. तिच्या दोषाने मोडणाऱ्या स्टब अ‍ॅक्सलची किंमत मात्र रुपयांत मोजता येत नाही.

कोन बदलला व कप जुनाच ठेवला, तर खर्च निम्मा होईल, असा हिशेब कोणी करतात. तो चुकीचा आहे. जुन्या कपवरील झीज नव्या रोलरना अल्पावधीत खाऊन टाकते. कप आणि कोन ही जोडी असून ती जोडीनेच बदलावी. मात्र एका चाकाचे बेअरिंग गेले म्हणून दुसऱ्या चाकाचे निर्दोष बेअरिंगही टाकून देण्याचे कारण नाही. ते धुऊन, पाहून, नवे ग्रीस भरून पुन्हा बसवावे.

याच वेळी स्टब अ‍ॅक्सलची तपासणी अगत्याने करावी. बेअरिंग जाम होऊन त्याचा कोन अ‍ॅक्सलवरच फिरू लागला असेल, तर अ‍ॅक्सलवर चर पडलेले दिसतात. अशा वेळी छिन्नीने टोचे मारून कोन घट्ट बसविण्याची किंवा वेल्डिंगने अ‍ॅक्सल भरून घेण्याची युक्ती सर्रास वापरली जाते. या युक्तीचे कौतुक करू नये. टोच्यांची टोके काही दिवसांतच चेपून जातात. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो आणि नेमक्या त्याच जागी, जेथे सर्वांत अधिक वाक येतो, तडा जाण्याची वाट मोकळी होते. स्टब अ‍ॅक्सल तुटला म्हणजे चाक हबसकट निघून जाते. चर पडलेला अ‍ॅक्सल बदलणे, हाच एक मार्ग आहे.

क्रमांक वाचून खरेदी

जुन्या मोटारीचे सुटे भाग मिळत नाहीत, ही मालकांची नेहमीची तक्रार असते. बेअरिंगच्या बाबतीत ती बहुतांशी खरी नाही. बेअरिंगची मापे आंतरराष्ट्रीय असल्याने मोटार बनविणारा कारखाना बंद झाला, तरी त्या मापाचे बेअरिंग तयार होतच राहते. त्यासाठी कड्यावर कोरलेला क्रमांक वाचता आला पाहिजे. उदाहरणार्थ, ३०२०५ हा क्रमांक निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचा आहे. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतल्या छिद्राचे माप निघते. येथे ०५ गुणिले ५ म्हणजे २५ मिलिमीटर. ६२०५ हे त्याच छिद्राचे, परंतु गोळ्यांचे बेअरिंग होय. इंची मापाच्या बेअरिंगमध्ये कप व कोन यांना निरनिराळे क्रमांक असतात. जुन्या विलीज जीपच्या पुढच्या हबमध्ये कोन १८५९० आणि कप १८५२० अशी जोडी येते. जुना भाग टाकून देण्यापूर्वी त्यावरील क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा आणि शक्य असल्यास तो भागच दुकानात न्यावा.

आपल्या देशात चांगली बेअरिंग बनविणारे कारखाने अनेक वर्षांपासून आहेत. जयपूरचा नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज हा १९४६ साली स्थापन झाला. पुण्याजवळ चिंचवड येथे स्वीडनच्या एसकेएफ कंपनीचा कारखाना १९६० नंतरच्या दशकात उभा राहिला. नामांकित कंपनीच्या खोक्यात नकली माल भरून विकण्याचे प्रकार होतात, म्हणून ओळखीच्या दुकानातून पावतीसह खरेदी करावी. कोरलेली अक्षरे पुसट किंवा वाकडी असतील आणि किंमत फारच कमी असेल, तर तो माल घेऊ नये. नवे बेअरिंग बसविण्याच्या क्षणापर्यंत वेष्टणातच राहू द्यावे.

बसविणे, ग्रीस भरणे आणि नटाची शेवटची फेरी

जुना कप पितळी किंवा मऊ लोखंडी दांड्याने समोरासमोरच्या बाजूंवर आलटून-पालटून ठोकून काढावा. नवा कपही त्याच पद्धतीने सरळ आत न्यावा. तो तिरका झाला, तर लगेच थांबावे. कप तळाला पूर्ण टेकला की ठोक्याचा आवाज बदलून भरीव होतो. अनुभवी मिस्त्री हा बदल ऐकूनच हात थांबवितो. नवशिक्याने उजेडात पाहून खात्री करून घ्यावी. जुना कप एका बाजूने कापून ठेवला, तर नवा ठोकण्यासाठी त्याच्याइतके चांगले हत्यार दुसरे नाही.

ग्रीसच्या निवडीत हयगय नको. चाकांच्या बेअरिंगसाठी लिथियमच्या जातीचे, उष्णता सहन करणारे ग्रीस घ्यावे. साधे चुन्याच्या जातीचे ग्रीस स्वस्त असते व पाण्याला दाद देत नाही. परंतु तापलेल्या हबमध्ये ते टिकत नाही. निमाडच्या उन्हाळ्यात, घाटाच्या उतारावर, लेखाच्या आरंभी वर्णिलेला प्रकार त्यातूनच घडतो. दोन जातींचे ग्रीस एकत्र केल्यास मिश्रण कित्येकदा दोहोंपेक्षाही पातळ होते, म्हणून जुने ग्रीस हबमधून पूर्णपणे पुसून काढावे. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहावे. ग्रीस रोलरांच्या फटींतून वर डोकावू लागले, की बेअरिंग थोडे फिरवून पुढचा भाग भरावा. बेअरिंग गच्च भरावे, हब मात्र ठासून भरू नये. हबच्या पोकळीत मोकळी जागा राहिली नाही, तर तापलेल्या ग्रीसला ब्रेककडेच वाट मिळते. सील प्रत्येक वेळी नवे घालावे. त्याची धार आत, बेअरिंगच्या दिशेने असावी व तिला किंचित ग्रीस लावलेले असावे.

सर्व काम निर्दोष झाले, तरी शेवटच्या नटावर ते बिघडू शकते. घट्ट म्हणजे पक्के, ही समजूत इतर नटांच्या बाबतीत योग्य असेल. येथे ती घातक आहे. आवळलेल्या निमुळत्या रोलरना फिरावयास जागा उरत नाही, बेअरिंग तापते, तापल्याने फुगते, फुगल्याने आणखी आवळते, आणि थोड्याच अंतरात जाम होते. सायकलीचा कोन फार आवळला, तर चाक जड फिरते हे प्रत्येकाने अनुभवलेले आहे. सायकलस्वाराला ते पायांत जाणवते, मोटार चालविणाऱ्याला जाणवत नाही, एवढाच फरक.

जीपसाठी जुनी रीत अशी आहे : चाक हाताने फिरवीत फिरवीत, चाक अडू लागेपर्यंत नट आवळावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. नंतर नट साधारण एक षष्ठांश फेरी, म्हणजे षट्कोनी नटाची एक बाजू, मागे घ्यावा. चाक मोकळे फिरावे आणि हलविल्यास ठोका लागू नये. मग कुलूप-वॉशर घालून बाहेरचा नट आवळावा, वॉशरची कड वाकवावी व पुन्हा एकदा चाक फिरवून पाहावे. कारण बाहेरचा नट आवळताना आतला सरकण्याचा संभव असतो. खाचांचा नट व कॉटर पिन असलेल्या गाडीत खाच भोकासमोर येत नसेल, तर नट पुढे न आवळता पुढच्या खाचेपर्यंत मागे घ्यावा. कॉटर पिन नवीनच घालावी. पिनऐवजी खिळा किंवा तारेचा तुकडा अडकविलेली चाके रस्त्यावर फिरतात, ही चिंतेची बाब आहे.

ही रीत सर्व मोटारींना लागू नाही, हे विसरू नये. ज्या गाड्यांत दोन बेअरिंगच्या मध्ये ठरावीक मापाची नळी असते, त्यांचा नट कारखान्याने नेमून दिलेल्या जोरापर्यंत पुरता आवळावा लागतो. मारुती ८०० सारख्या मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांकडे जाते व त्यांची बेअरिंग दाबून बसविलेली असतात. ती ठोकून न काढता प्रेस असलेल्या कारखान्यात काढून घ्यावीत. मागच्या चाकांची बेअरिंगही पुलरशिवाय काढण्याचा प्रयत्न करू नये. मागच्या हबमधून ऑइल गळत असेल, तर ते डिफरन्शियलचे असते आणि तेही ब्रेकवरच जाते. मोटारीची माहितीपुस्तिका उपलब्ध असल्यास तिचा शब्द अखेरचा मानावा.

पावसाळ्यानंतर

या भागातील चालकांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक आहे. पावसाळ्यात नाल्यांच्या रपट्यांवरून पाणी वाहते आणि मोटारी त्यातून नेल्या जातात. लांबून धावत आलेल्या मोटारीचा हब गरम असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकुंचन पावते आणि सीलच्या धारेवरून पाणी व बारीक गाळ आत ओढला जातो. मोटार पलीकडे जाते, चालक निर्धास्त होतो. पण आतले ग्रीस पांढुरके, दुधाळ झालेले असते. अशी मोटार महिना-दोन महिने उभी राहिली, तर प्रत्येक रोलरखाली गंजाची एकेक रेघ उमटते. पाण्यातून न्यावी लागलेली मोटार म्हणूनच दसऱ्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. वाहत्या पाण्यात मोटार घालूच नये, ही सूचना याहून आधीची आहे.

केळीची वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आणि रबरी टायरच्या डनलप बैलगाडीलाही हेच लागू आहे. त्यांच्या हबमध्येही बेअरिंगच असतात. कित्येकदा ती जुन्या मोटारीतून काढलेली असतात. लाकडी गाडीचा मालक वंगण घालावयास विसरत नसे, कारण गाडीच त्याला आठवण करून देई. डनलप गाडी कुरकुरत नाही, त्यामुळे तिच्या हबकडे वर्षानुवर्षे पाहिले जात नाही.

बेअरिंग बदलल्यावर पहिला प्रवास पाच-दहा किलोमीटरचा, सपाट रस्त्यावर करावा व थांबून हबला हात लावून पाहावा. तो कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर तेथेच निवू द्यावा, सावकाश परत यावे व नटाची फेरी पुन्हा तपासावी. शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाक एकदा उचलून ठोका पाहावा आणि चाकाचे नट पुन्हा आवळावेत. तारीख, किलोमीटरचा आकडा, बेअरिंगचा क्रमांक व ग्रीसची जात मोटारीच्या कागदपत्रांबरोबर एका वहीत लिहून ठेवावी, म्हणजे मिस्त्री बदलला तरी हबमध्ये काय आहे, ते न उघडता सांगता येईल.